तिसरी ओळ आणि अकरावी ओळ

मंगळवार माझा साप्ताहिक सुट्टीचा वार. त्या आठवड्यात तो ताईने मागून घेतला. तिच्या शोधनिबंधासोबत जाणारा आकड्यांचा तक्ता तपासायचा होता. मी एका मराठी दैनिकात उपसंपादक आहे, तेव्हा हे काम मला येणारच, अशी तिची खात्री होती. निबंधातलं भौतिकशास्त्र मला कळत नव्हतं. त्याची गरज नाही, असं ती म्हणाली.

ताई माझ्याहून चार वर्षांनी मोठी. तेव्हा ती ट्रॉम्बेच्या बाजूला एका संशोधन संस्थेत कंत्राटावर काम करत होती. दर वर्षी कंत्राट वाढायचं, आणि दर वर्षी ते वाढेपर्यंत ती घरात कमी बोलायची. त्या वर्षी बऱ्याच काळानंतर कायम पदाची जाहिरात निघाली होती. वयोमर्यादा पस्तीस. ताई चौतीस संपवत होती. पुढची जाहिरात निघेल तेव्हा ती पस्तिशीच्या पलीकडे गेलेली असणार, हे घरात सगळ्यांना ठाऊक होतं, आईलासुद्धा. अर्जाला बारा दिवस उरले होते. अर्जासोबत हा निबंध, निदान नियतकालिकाकडे पाठवलेल्या स्थितीत, दाखवता आला असता तर मुलाखतीचं बोलावणं नक्की, असं तिचे मार्गदर्शक सर म्हणाले होते. तिला ते पद हवं होतं. एवढ्या उघडपणे तिला दुसरं काही हवं असलेलं मी पाहिलेलं नाही.

घाटकोपर पश्चिमेला आमच्या दोन खोल्या. वडील गिरणीत होते. गिरणी बंद पडल्यावर मिळालेल्या पैशांत त्यांनी त्या घेतल्या आणि सहा वर्षांनी गेले. बाहेरच्या खोलीत जेवणाचं टेबल होतं. ताईचं काम त्याच टेबलावर चालायचं. तिच्या विषयाला प्रयोगशाळा लागत नाही, लागतो तो संगणक, आणि तो संस्थेत असतो. घरून त्याला फक्त हुकूम सोडायचे.

विषय असा. मँगनीज, निकेल, कोबाल्ट अशा धातूंची ऑक्सिजनशी संयुगं होतात. त्यांतली काही चुंबकीय असतात. साधं गणित मांडलं तर त्यांतल्या बऱ्याच संयुगांमधून वीज वाहायला हवी, कारण इलेक्ट्रॉनांना फिरायला जागा असते. प्रत्यक्षात ती वाहत नाही. एका अणूवर दोन इलेक्ट्रॉन आले की ते एकमेकांना इतके दूर ढकलतात की प्रत्येक जण आपापल्या अणूवर बसून राहतो. एकाने हलायचं तर दुसरा कुठे आहे हे पाहावं लागतं. प्रत्येक इलेक्ट्रॉन सुटा धरून केलेलं गणित इथे चुकतं. हे ढकलणं किती जोराचं, हे गणिताला बाहेरून सांगावं लागतं. त्या आकड्याला त्यांच्यात 'यू' म्हणतात. तो नेमका किती धरायचा, यावर त्यांच्यात वाद असतात. म्हणून ताई एकाच संयुगाचं गणित यूच्या चार वेगवेगळ्या किमतींना करून बघायची.

एकदा तिने हे आईला सांगितलं होतं. आई भाजी निवडत होती. एका खोलीत दोघं आले की भांडतात, म्हणून सगळे घरातच बसून राहतात, असं ताईने सोपं करून सांगितलं. आई म्हणाली, "दोघां? आमी लालबागाक एका खोलीत सात माणसां रवत होतंव. तुझ्या त्या इलेक्ट्रॉनांका सांग." नंतर कित्येक महिने ताईचं गणित अडलं की आई विचारायची, भांडण मिटलं की नाही.

त्या मंगळवारी दुपारी आम्ही टेबलाशी समोरासमोर बसलो. आमच्या कार्यालयात जुने मुद्रितशोधक दोघं मिळून वाचायचे. एक मूळ प्रत मोठ्याने वाचतो, दुसरा छापलेल्या प्रतीवर बोट ठेवून ऐकतो. मी नोकरीला लागले तेव्हा असे दोघं उरले होते, त्यांच्याकडून मी ते शिकले. त्यात एक नियम आहे. वाचणाऱ्याला मध्येच अडवायचं नाही, पेन्सिलीने खूण करायची आणि रकाना संपल्यावर बोलायचं. अडवलं की त्याची लय मोडते आणि पुढच्या दोन ओळींत चूक होते.

तक्ता सोळा ओळींचा होता. ताईच्या संयुगात अणूंची चुंबकं वर किंवा खाली तोंड करून बसतात, आणि ती कशी बसतात याच्या चार मांडण्या शक्य होत्या. पहिलीत एका थरातली सगळी वर, पुढच्या थरातली सगळी खाली. तिसरीत त्याच थरात एक वर, शेजारचं खाली. दुसरी आणि चौथी त्यांच्या मधल्या. चार मांडण्या, यूच्या चार किमती, सोळा ऊर्जा. जिची ऊर्जा सर्वांत कमी ती मांडणी निसर्ग निवडतो. यू काहीही धरा, पहिलीच मांडणी जिंकते, असा निबंधाचा दावा होता. दावा स्वच्छ होता, आणि तसे दावे त्या विषयात दुर्मीळ असतात, हे तिनेच मला सांगितलं होतं.

ताई संगणकाच्या मूळ फायलींतून वाचत होती, माझ्यापुढे छापील पानं होती. "उणे दोनशे चौदा पॉइंट सहा तीन आठ दोन एक." प्रत्येक आकडा पाच दशांश स्थळांपर्यंत. आई आतून म्हणाली, "आकडे वाचतास काय मंत्र म्हणतास गो?" ताई हसली नाही. पहिल्या पानावर आठ ओळी होत्या, दुसऱ्यावर आठ.

अकराव्या ओळीला मी खूण केली. आकडा तक्त्यातल्याशी जुळत होता, पण मी तो आधी ऐकला होता. बारावा आकडाही ऐकलेला वाटला. रकाना संपेपर्यंत थांबले, मग पहिलं पान वर घेतलं.

"ताई, तिसरी ओळ आणि अकरावी ओळ एकच आहे. चौथी आणि बारावीपण."

"जवळजवळ असेल. राउंडिंग."

"पाचही आकडे तेच आहेत."

"तू बातम्या बघ ना," ती म्हणाली. हे ती चिडवायला म्हणायची. पण म्हणताना तिने अकराव्या ओळीची फाइल उघडली आणि तिच्या शेवटी गेली.

मला नंतर कळलं ते असं. गणित सुरू करताना संगणकाला सांगावं लागतं की कोणतं चुंबक वर, कोणतं खाली. हा फक्त अंदाज असतो. तिथून संगणक फेऱ्या मारत आपलं उत्तर सुधारत जातो. कधीकधी फेऱ्या मारता मारता तो दिलेली मांडणी सोडतो आणि दुसऱ्याच मांडणीत जाऊन स्थिरावतो. तसं झालं तर तो थांबत नाही, इशारा देत नाही, गणित पूर्ण झालं असं लिहितो. चुंबकं शेवटी कशी बसली आहेत हे त्याच फाइलच्या तळाशी नोंदलेलं असतं, पण ते पाहायला जावं लागतं. ताईने एका आज्ञेत सोळा फायलींतली फक्त ऊर्जेची ओळ उचलून तक्ता केला होता. सगळे तसंच करतात. आलेखात त्या दोन जागी एक खूण दुसरीखाली झाकली गेली होती. तक्त्यात मध्ये पान उलटत होतं. तिसऱ्या मांडणीचं म्हणून जे गणित तिने धरलं होतं, ते मोठ्या यूच्या दोन्ही ठिकाणी घसरून पहिली मांडणी झालं होतं. म्हणजे त्या दोन ओळींत पहिली मांडणी स्वतःशीच लढली होती आणि जिंकली होती.

ताईने तळाच्या नोंदी दोनदा वाचल्या. मग बाकीच्या फायलींच्या. त्या ठीक होत्या. ती म्हणाली, "वाट लागली," आणि उठून गॅलरीत गेली.

सरांना तिने तिथूनच फोन केला. सर रागावले नाहीत. तिने आत येऊन सांगितलं त्याप्रमाणे त्यांचं म्हणणं असं होतं: मोठ्या यूची तिसरी मांडणी निबंधातून काढ. आपण अमुक मांडण्या तपासल्या, एवढंच लिही. लिहिलेलं सगळं खरंच असेल. उरलेलं पुढच्या निबंधात घे. निर्णय तुझा. सर वाईट गृहस्थ नव्हते. त्यांना बारा दिवस दिसत होते.

दुसरा मार्ग गणित पुन्हा करण्याचा. दोन्ही ठिकाणी चार-चार वेगळ्या सुरुवाती देऊन, मांडणी घसरत नाही ना हे बघत. आठ गणितं, एकेकाला दोन ते तीन दिवस, आणि संस्थेच्या सामाईक संगणकावर रांग.

ताईने खुर्ची ओढली. "तुमच्या इथे असं झालं तर काय करतात?"

"पान थांबवतात," मी म्हटलं.

मी विचार करून बोलले नाही. आमच्याकडे हा प्रश्न विचार करण्याचा नसतोच. चूक दिसली की पान थांबतं. छपाई विभागाचा माणूस फोनवर शिव्या घालतो, वीस मिनिटं जातात, सुधारलेलं पान जातं. त्या दिवशीही मी वीस मिनिटांच्या हिशेबातच बोलले असणार. तारीख मला माहीत होती. जाहिरातीचं कात्रण आमच्या फ्रिजवर चुंबकाने लावलेलं होतं, आणि ते मीच लावलं होतं.

"बरं," ताई म्हणाली. तिने त्याच दुपारी आठही गणितं रांगेत टाकली.

पुढचे दिवस ती सकाळी चहाच्या आधी रांग बघायची. संगणकाच्या पडद्यावर प्रत्येक कामापुढे एक अक्षर असतं, थांबलं आहे की चालू आहे ते सांगणारं. आईनेही ते अक्षर ओळखायला शिकून घेतलं. ताई अंघोळीला गेली की आई पडद्यापाशी जाऊन बघायची आणि मला सांगायची, "अजून थांबलाहा." अर्जाच्या शेवटच्या दिवशी तीन गणितं झाली होती, दोन चालू होती, तीन रांगेत होती. अर्ज निबंधाशिवाय गेला. त्या जागी 'तयारीत' असं लिहिलं. आमच्या दैनिकात उमेदवारांचे अर्ज येतात तेव्हा 'तयारीत' या शब्दाला संपादक काय किंमत देतात, हे मला माहीत होतं. मी ते तिला सांगितलं नाही.

सोळाव्या दिवशी शेवटचं गणित पूर्ण झालं. मोठ्या यूला, म्हणजे खऱ्या संयुगाच्या जवळच्या किमतींना, तिसरी मांडणी पहिलीपेक्षा खाली आली होती. दावा उलटला. निबंध जवळजवळ पुन्हा लिहावा लागला. आता त्यात स्वच्छ असं काही राहिलं नव्हतं: लहान यूला पहिली, मोठ्या यूला तिसरी, आणि कोणता यू खरा ते प्रयोगाने ठरवावं. मुलाखतीचं बोलावणं आलं नाही. निबंध सात महिन्यांनी एका मध्यम नियतकालिकात छापून आला. तोवर तिचं कंत्राट संपलं होतं आणि त्या वेळी ते वाढलं नाही.

ती मालाडला एका बँकेच्या कार्यालयात लागली. कर्ज घेतलेल्यांपैकी कोण बुडवेल याचं गणित करायचं. काम तिला जमलं, दोन वर्षांत बढती मिळाली. घाटकोपरहून मेट्रोने, मध्ये गाडी बदलून, रोज जाणं जड व्हायला लागलं तेव्हा तिने तिकडेच घर घेतलं. महिन्यातून दोन रविवार ती आमच्याकडे येते. एकदा जेवताना म्हणाली की तिथलं गणित प्रत्येक कर्जदार सुटा धरतं. "असं नसतं गं. एकाचं दुकान बंद झालं की शेजारच्याचं गिऱ्हाईक तुटतं." तिने वरिष्ठांना तसं लिहून दिलं होतं. पुढच्या तिमाहीत बघू, असं त्यांनी सांगितलं. त्यानंतर तीन तिमाह्या गेल्या होत्या. हे सांगताना तिचा आवाज जरा वर गेला होता, आणि तो तसा वर गेलेला मी बऱ्याच दिवसांत ऐकला नव्हता. आईने वाढणं थांबवून तिच्याकडे पाहिलं.

मला नेमकं काय हवंसं वाटतं, ते सांगणं सोपं नाही. ते टेबल अजून आहे, त्याच्यावर आता आईची औषधं असतात. मला ती टेबलाशी बसलेली हवी असते. पुढे झुकलेली, एक पाय खुर्चीवर घेतलेला, 'आमचं मटेरियल' असं म्हणणारी, जणू ते संयुग आमच्याच घरात राहतं. ती येते तेव्हा तीच येते, गप्पा मारते, आईला डॉक्टरकडे नेते, माझ्या मथळ्यांतल्या चुका काढते. पण बसते सोफ्यावर. मंगळवार अजूनही माझ्या सुट्टीचा आहे आणि दुपारी मला काय करायचं ते सुचत नाही.

एका रविवारी मी तिला विचारलं. आई झोपली होती. त्या दिवशी मी काही बोलले नसते तर बरं झालं असतं का, असं.

ती लगेच म्हणाली, "हो."

मग थोड्या वेळाने म्हणाली, "सुरुवातीला रोज वाटायचं. त्या मंगळवारी तुझी सुट्टी रद्द व्हायला हवी होती, असं. आता रोज नाही वाटत."

तिला ते कधी वाटतं हे मी विचारलं नाही. तिच्या घरी भेटलेल्या बँकेतल्या एका सहकाऱ्याच्या बोलण्यातून मला नंतर कळलं की कार्यालयात पोचल्यावर, बँकेचा मेल उघडण्याआधी, ती त्या दिवशी आलेल्या नव्या शोधनिबंधांची यादी वाचते. सहकारी गमतीने म्हणाला, तुमची ताई सकाळी राशिभविष्य वाचते.

यंदा त्या यादीत तिचं संयुग आलं. परदेशातल्या एका गटाने त्याचा चांगला स्फटिक वाढवला होता आणि त्यावर न्यूट्रॉनचा झोत टाकून चुंबकं कशी बसली आहेत ते मोजलं होतं. इतकी वर्षं हे कुणाला जमलं नव्हतं, कारण स्फटिक नीट वाढत नव्हता. मोजमापात तिसरी मांडणी आली. त्यांनी ताईच्या निबंधाचा हवाला दिला होता, ज्यावर तिच्या नावाखाली अजून ट्रॉम्बेचा जुना पत्ता आहे. ताईने मला कार्यालयातूनच फोन केला आणि हे सगळं बातमी सांगावी तसं सांगितलं: कोणी मोजलं, कशावर, काय निघालं. मग म्हणाली, मीटिंग आहे, ठेवते.

त्या लेखकांना तिने पत्र लिहिलं. त्यांच्या एका आकृतीबद्दल साधा प्रश्न होता. दोन दिवसांत उत्तर आलं. त्यांनी तिला प्राध्यापक म्हणून संबोधलं होतं, प्रश्नाचं सविस्तर उत्तर दिलं होतं आणि शेवटी विचारलं होतं की आपला गट दाबाखाली हेच गणित करू शकेल का, म्हणजे आमचा पुढचा प्रयोग आणि आपलं गणित बरोबरीने चालेल.

चार दिवस तिने ते कुणाला दाखवलं नाही. पाचव्या दिवशी तिने उत्तराचा मसुदा मला पाठवला, एकदा नजर टाक म्हणून. मी कार्यालयात होते, पहिल्या पानाची जुळवाजुळव चालू होती. पत्र इंग्रजीत, सहा ओळींचं होतं. मी प्राध्यापक नाही, माझा गट नाही, या कामासाठी ट्रॉम्बेला अमुक यांना लिहावं, असं त्यात होतं. सरांचं नाव तिने दिलं होतं. यूची किंमत दाबाने बदलेल, ती जुनीच धरू नये, अशी एक सूचना होती, जी कोणी मागितली नव्हती. आणि एक वाक्य होतं: मी सध्या या विषयावर काम करत नाही.

डेस्कवर 'सध्या' हा शब्द आम्ही काढतो. तो बहुतेक वेळा काहीच सांगत नाही, आणि जेव्हा सांगतो तेव्हा जे माहीत नाही ते सांगतो. तिला ते काम सोडून सहा वर्षं झाली होती. तिच्याकडे संगणक नव्हता, संस्थेतलं खातं केव्हाच बंद झालं होतं, वय एक्केचाळीस होतं. कोणत्याही बातमीत मी तो शब्द ठेवला नसता.

मी एक स्वल्पविराम हलवला, सरांच्या नावाचं इंग्रजी स्पेलिंग तपासलं आणि मसुदा परत पाठवला. मिनिटभरात तिचा संदेश आला, ठीक आहे ना, म्हणून. मी ठीक आहे असं कळवलं, आणि तिने ते पत्र पाठवलं.